आजीच्या माहेरचं शेत: तिचं आयुष्य वहीत कसं उतरवावं

माझी आजी 2023 च्या वैशाखात गेली, ब्याऐंशीव्या वर्षी. त्याआधी तीन वर्षं मी तिच्याकडून ऐकून तिच्या आयुष्याची वही लिहीत होते. दोनशे पानी वही, त्यातली 143 पानं भरली. वर्षश्राद्धाला ती सगळ्यांसमोर वाचली आणि तेव्हापासून आत्याच्या जावांपासून माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत कितीतरी जणींनी विचारलं, "आम्हालाही आमच्या आजीचं असं करायचंय, कसं करू?" प्रत्येकीला फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. इथे सलग लिहिते.

आजीचं माहेर माण तालुक्यात, म्हसवडच्या अंगाला. सासर कोरेगाव तालुक्यात, म्हणजे आमचं गाव. त्यामुळे माझे दाखले सातारा जिल्ह्यातले आहेत. तुमची आजी खानदेशातली किंवा कोकणातली असेल तर शब्द बदलतील, पद्धत हीच चालेल.

"तुझ्याबद्दल सांग" असं विचारू नका

आम्ही पहिल्यांदा तेच केलं. दिवाळीत सगळे जमलो होतो. पाच जण तिच्याभोवती बसलो, मोबाईल पुढ्यात ठेवला आणि म्हणालो, "आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग." ती म्हणाली, "माझं काय सांगायचं? तुज्या आज्याचं लिव्ह. त्येनं हिर काडली." मग विहिरीचं सांगितलं, थोरल्या काकांच्या शिक्षणाचं, आत्याच्या बाळंतपणाचं. पाऊण तास बोलली. नंतर ऐकलं तर त्यात आठ माणसांची आयुष्यं होती, ती कुठेच नव्हती.

तिची चूक नव्हती. जिनं सगळं आयुष्य घरातल्या माणसांच्या हिशेबानं मोजलं तिला "तू" असा प्रश्न कधी कुणी विचारलेलाच नसतो. आणि आपल्याला माहीत असलेली आजी लग्नापासून सुरू होते. त्याआधीची पंधरा-सोळा वर्षं, शेतात वाढलेली मुलगी, ती आपण कुणी पाहिलेली नसते. तिच्यापर्यंत पोचायची वाट शेतातून जाते. माझी सगळी वही या एका गोष्टीवर उभी आहे.

मला हे कळलं तिसऱ्या खेपेला. आम्ही दोघीच होतो, ती हुलगे (कुळीथ) पाखडत होती. मी सहज विचारलं, "आजी, तुमची माहेरची विहीर घरापासून कुणीकडं होती?" तिनं सुपातले हुलगे तळहातानं सपाट केले आणि बोटानं रेघ ओढली. "ही वाट. हितं घर. हितं हिर, हितनं धाव उतरती." मग त्या हुलग्यांत खळं आलं, गोठा आला, वैरणीची गंज आली. दीड तास गेला. त्या दीड तासात ती पहिल्यांदा "म्या" म्हणाली. "म्या बैलांम्होरं चालायची."

म्हणून पहिल्या बैठकीला नकाशा काढा. मोठा कागद, जाड पेन्सिल. घराचं तोंड कुठल्या दिशेला, चूल कुठे, पाणी कुठून, कुठल्या रानाला काय नाव, बांधावर कोणती झाडं, शेजारचं रान कुणाचं. आजीला पेन्सिल धरायचा संकोच असेल तर धान्यावर किंवा अंगणातल्या मातीत काढू द्या आणि फोटो घ्या. पुढच्या प्रत्येक बैठकीला तो नकाशा समोर ठेवा. एकेका जागेवर बोट ठेवून विचारा, "इथं तू काय करायचीस?"

कामाचा शब्द सापडला की गोष्ट सापडते

नकाशावरची प्रत्येक जागा म्हणजे एक काम आणि प्रत्येक कामाला दहा शब्द. हे शब्द तिच्या तोंडून आले की मागून आठवण येतेच. मोटेचं उदाहरण घ्या, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायच्या चामडी पिशवीचं. मी "मोटेनं पाणी काढायचे का?" असं विचारलं असतं तर "व्हय" इतकंच उत्तर मिळालं असतं. मी विचारलं, "नाडा आणि सोंदूर यात जाड कुठला?" लगेच खुलली. दोन्ही दोरच. नाडा जाड, मोटेच्या तोंडाशी बांधलेला. सोंदूर बारीक, खालच्या सोंडेला. बैल धावेच्या उतारावरून उतरले की मोट वर येते, सोंडेतून पाणी थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या दगडी कुंडात पडतं, तिथून पाटानं रानात. पाटाच्या टोकाला वाफ्यांत पाणी फिरवायला उभी असायची ती, नऊ वर्षांची. एक वाफा भरला की दारं मोडून दुसऱ्याचं धरायचं. पहाटे थंडीत पाय बधिर व्हायचे म्हणून ती दोन वाफ्यांच्या मधे पाय मातीत पुरून उभी राहायची. हे तिनं आमच्यापैकी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी सोंदूर विचारला नव्हता.

खळ्याचंही तसंच. मधला खांब म्हणजे तिवडा, त्याभोवती फिरणारी बैलांची पात, वाऱ्याला उभं राहून उफणणं, मग पायलीनं रास मोजणं. मोजताना पहिल्या मापाला "एक" म्हणत नाहीत, "लाभ" म्हणतात. हे ती सांगत होती आणि मला आठवलं, ती आमच्या घरी तांदूळ मापतानासुद्धा पहिल्या मापाला ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची. इतकी वर्षं ऐकलं, अर्थ तेव्हा कळला.

प्रश्न तयार करायचे तर या जातीचे करा: गुरं किती आणि त्यांची नावं काय? धार कोण काढायचं? धान्य पेवात (जमिनीखालच्या कोठारात) ठेवायचे की कणगीत? पेव उघडल्यावर आत लगेच का उतरू द्यायचे नाहीत? बेंदराला बैलांना काय खायला घालायचे? (आमच्याकडे पोळा नाही, आषाढातला बेंदूर असतो. तुमच्याकडचा सण आधी माहीत करून घ्या. चुकीचा सण विचारला की म्हातारं माणूस आपल्याला परकं धरतं.) शिखर शिंगणापूरच्या यात्रेला चैत्रात बैलगाडीनं जायचात का, वाटेत मुक्काम कुठे? हुरड्याला कोण कोण यायचं? शाळेत जाताना बरोबर कोण असायचं?

शब्द बोलले तसेच लिहा. ती "हुतं" म्हणाली तर "होतं" करू नका. मी सुरुवातीची बारा पानं शुद्ध करून लिहिली होती. आत्याला वाचून दाखवली तर ती म्हणाली, "ही कोण बोलतीय?" ती पानं फाडून पुन्हा लिहिली.

ध्वनिमुद्रण

मोबाईल पुरेसा आहे. विमान मोडवर टाका, नाहीतर नेमका नको तेव्हा फोन येतो. पंखा बंद करा, उन्हाळा असला तरी तेवढा वेळ सोसा. पंख्याची घरघर ऐकताना फार त्रास देते. मोबाईल तिच्यापासून हातभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. हाताला काम असू द्या, लसूण सोलणं, शेंगा फोडणं, वाती वळणं. हात चालू असले की तोंड मोकळं होतं. फक्त शेंगा फोडायच्या असतील तर मोबाईल थोडा लांब.

अर्ध्या तासाच्या वर ओढू नका. दुपारी जेवून एक डुलकी झाल्यावरची वेळ आमच्याकडे सगळ्यात चांगली ठरली. एका वेळी एकच जण विचारणारा. सुना-मुलं भोवती असली की ती त्यांना सांभाळून बोलते.

त्याच दिवशी फाईलला नाव द्या: तारीख, विषय, कोण बोललं. माझं एकदा राहिलं, मोबाईल पाण्यात पडला आणि दोन मुद्रणं कायमची गेली. त्यातलं एक तिच्या आईबद्दल होतं. नंतर पुन्हा विचारलं तर तिनं सांगितलं, पण तसं नाही. आता मी प्रत्येक फाईल तीन ठिकाणी ठेवते: लॅपटॉपवर, ऑनलाईन साठवणीत आणि आत्याच्या घरी पेन ड्राईव्हवर. एक प्रत दुसऱ्या घरी असायलाच हवी.

ऐकून लिहायला वेळ लागतो. अर्ध्या तासाचं बोलणं उतरवायला मला दोन-अडीच तास लागायचे. दर रविवारी एक, एवढंच ठरवा.

सालं कशी लावायची

आजीला इसवी सन सांगता येत नाही म्हणून निराश होऊ नका. तिच्याकडे खुणा असतात, त्या आपण सालाशी जोडायच्या.

माझ्या आजीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून होती. हे तुमच्याही घरात असेल. तारीख माहीत नसली की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची 1 जून टाकत, त्यामुळे त्या पिढीतली निम्मी माणसं कागदावर एकाच दिवशी जन्मलेली आहेत. तो दिवस धरू नका, सालही पडताळून बघा. आजी म्हणायची, "गांधीबाबा गेलं तवा म्या पयलीत हुते." 30 जानेवारी 1948. सहा-सात वर्षांची धरली तर जन्म 1941 च्या आसपास. दाखल्याशी जुळलं.

लग्नाचं साल असंच निघालं. ती म्हणाली, "आहेरात कुनीतरी नवं पैसं घातलं, आन म्हातारी मानसं उलटंपालटं करून बगत बसली." दशमान नाणी 1 एप्रिल 1957 ला सुरू झाली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. त्यानंतर शंभर नवे पैसे. लग्न वैशाखातलं, आणि नाणं अजून नवलाचं होतं. म्हणजे 1957, फार तर 1958.

मग कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967 ची पहाट. आमच्या बाजूच्या प्रत्येक म्हातारीला तो पाठ आहे. आजी तान्ह्या बाळाला पोटाशी धरून अंगणात पळाली होती, आणि ते बाळ म्हणजे माझे वडील. मग 1972 चा दुष्काळ. सडकेच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी केल्या. "त्या भाकरीला वास यायचा, पन पोरं जगली." मराठवाड्यातल्या आजीला रझाकारांचे दिवस विचारा, म्हणजे सप्टेंबर 1948 च्या आधीचा काळ लागेल, आणि किल्लारीचा भूकंप, 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. पुण्यातल्या आजीला पानशेतचा पूर, 12 जुलै 1961.

तिथी सांगितली तर जुनं पंचांग शोधा. धोंड्याचा महिनाही उपयोगी पडतो. तो साधारण तीन वर्षांनी येतो, आणि लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला जावयाला काय वाण दिलं हे कुठलीच आजी विसरत नाही.

कागद

दोन कागद मिळवाच. पहिला, माहेरच्या शाळेतला रजिस्टरचा उतारा. जिल्हा परिषदा 1962 साली आल्या, त्याआधी गावच्या शाळा लोकल बोर्डाच्या. तरी जुनी रजिस्टरं बहुधा त्याच शाळेच्या कपाटात असतात. मुख्याध्यापकांना अर्ज द्यायचा, नातं लिहायचं, आणि तारखेपेक्षा थोडी मागची-पुढची पानंही बघू द्या म्हणून विनंती करायची. आजीचं माहेरचं नाव आम्हाला तिथे पहिल्यांदा लिहिलेलं दिसलं. लग्नात नाव बदललं होतं, आणि ते जुनं नाव घरात कुणीच उच्चारत नव्हतं. शाळा सोडल्याचं कारण एका शब्दात होतं: घरकाम. ते नाव इथे लिहीत नाही, वहीच्या पहिल्या पानावर आहे.

दुसरा कागद म्हणजे वारसनोंदीचा फेरफार, जमीन कुणाच्या नावावर गेली त्याची नोंद. सातबारा सगळे काढतात, पण त्यावर आजचे मालक असतात. आजीचे वडील वारले तेव्हाचा फेरफार तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. सातबाऱ्यावर फेरफाराचे क्रमांक असतात, ते धरून मागे मागे जायचं. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर वडील वारले असतील तर वारसांत मुलींची नावं येतात, सासरच्या नावासकट. आमच्या घराण्याची वंशावळ हेळव्यानं, म्हणजे वंशावळी सांगत फिरणाऱ्यानं सांगितली तेव्हा बापामागून मुलगा, मुलामागून नातू अशीच आली होती. फेरफारात मात्र आजीसकट चारही बहिणी एका ओळीत होत्या. त्यातली एक आम्हाला माहीतच नव्हती. तिच्या सासरच्या गावाचं नाव वाचून आम्ही तिच्या मुलीपर्यंत पोचलो.

पुढच्याच फेरफारात चौघींनी हक्क सोडल्याची नोंद होती. मी आजीला विचारलं, वाईट वाटलं का? ती म्हणाली, "भाऊ दर दिवाळीला येतुया न्हवं." तेवढंच लिहिलं. त्यावर माझं मत वहीत लिहिलं नाही, वही तिची आहे.

पदार्थ मोजून घ्या

"अंदाजानं घाल" हे उत्तर मान्य करू नका. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, वर रिकामी वाटी ठेवा आणि तिला तिच्याच हातानं घालायला सांगा. तिची एक मूठ हुलग्याचं पीठ 45 ग्रॅम भरलं. माझी 38. माडगं माझं पातळ का व्हायचं ते त्या दिवशी कळलं. मूठ, चिमूट, पसा, ओंजळ ही चारही मापं तिच्या हाताची काढून ठेवा, पुढचे सगळे पदार्थ त्यात लिहिता येतात. शेंगोळ्यांचा, भाकरी थापण्याचा व्हिडिओ घेताना कॅमेरा हातावर ठेवा. आज तोंडाच्या फोटोंपेक्षा ते हात मी जास्त वेळा बघते.

ओव्या

जात्यावरच्या ओव्या "म्हण" म्हटलं की आठवत नाहीत. जुनं जातं असेल तर खुंटा हातात द्या. नसेल तर आधी आपण एखादी म्हणा, ती चुकीची म्हटलीत तर अजून बरं, ती सुधारायला लागते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्या आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर वाचायला आणि काही ऐकायलाही मिळतात. तिथे भावाच्या, माहेराच्या वाटेच्या ओव्या शोधा आणि आजीला ऐकवा. माझी आजी दोन ऐकून गप्प बसली, तिसरीला स्वतः म्हणायला लागली. त्या दिवशी सतरा मिळाल्या. नऊ भावावर होत्या.

जे सांगत नाही ते

आजीच्या उजव्या कोपराजवळ खोल खूण होती, दोन बोटं लांब. मी तीनदा विचारलं. "रानातलं आसंल कायतरी," म्हणायची आणि पदर ओढायची. गेलेल्या एका लेकराबद्दलही तसंच. एकदा तिनं स्वतः त्याचं नाव घेतलं, मग मोबाईलकडे बघून म्हणाली, "त्ये बंद कर." मी बंद केला. ती जे बोलली ते मी ऐकलं, वहीत त्याचं एकच वाक्य आहे: चौथं लेकरू सव्वा वर्षाचं होऊन गेलं. बंद कर म्हटलं की बंद करायचं. आणि छापायच्या आधी, वाचायच्या आधी, आत्या-काकांना सगळी पानं दाखवायची. आमच्या आत्यानं दोन परिच्छेद काढायला लावले, मी काढले.

आजी आता नसेल तर

तरी करा. तिचे भाऊ-बहिणी, भावजय, बरोबरीची शेजारीण यांच्याकडे आधी जा, मुला-नातवंडांकडे मागून. मुलांना ती आई म्हणूनच ठाऊक असते. जुनी ट्रंक उघडा: औषधाच्या चिठ्ठ्या, भिशीची वही, कुंकवाची डबी, घडी केलेलं खण-चोळीचं कापड, प्रत्येक वस्तूचा फोटो काढून "हे कुणी दिलं?" म्हणून नातेवाइकांना पाठवा. उत्तरांत गोष्टी येतात. जुने फोटो सावलीत, काचेशिवाय, वरून सरळ टिपा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. गोंदणाचा फोटो कुणाकडे असेल तर मागा. आणि तिच्या माहेरच्या गावाला एकदा जाच, नकाशा काढायला कुणीतरी भेटतं.

आम्ही वही वाचली ती सासरी, वर्षश्राद्धाला. पण मी आणखी एक केलं. त्यानंतरच्या आठवड्यात ती घेऊन आजीच्या माहेरी गेले, तिच्या धाकट्या भावाकडे. ऐंशी वर्षांचे आहेत, डोळ्यांना कमी दिसतं. त्यांच्यापुढे नकाशाचं पान उघडलं आणि एकेक जागा वाचून दाखवली. ते ऐकत होते, मान हलवत होते. विहिरीजवळच्या चिंचेशी आले तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"चिच हितं न्हवती. थारोळ्याच्या डाव्या अंगाला हुती. म्या रडलो मनून चिचा काडाय चढली वर, आन फांदी मोडून थारोळ्याच्या दगडावर पडली. कोपर फुटलं. आबानं इचारलं तर मनली, रानात पडले. माजं नाव न्हाई घेतलं."

मी चिंच खोडली आणि थारोळ्याच्या डाव्या बाजूला पुन्हा काढली.